वाटणीचा रुपया

चतुराबाईंनी पदराची गाठ दातानं सोडवली, आतला रुपया दिराच्या तळहातावर ठेवला आणि मग कुठं पाण्याच्या तांब्याला हात लावला.

"तुमच्या दादानं दिलाय. म्हणले, पुंजारामला असली खोडीची नाणी लागतात, त्याला दे."

पुंजारामनं आधी वहिनीच्या तोंडाकडं पाहिलं, मग रुपयाकडं. कुणी काही आणून दिलं की देणाऱ्याला काय हवंय हे आधी बघायचं, ही त्याची सवय. जालन्यातल्या एका बियाणं कंपनीत तो भेसळ काढायच्या कामावर होता. चांगल्या दाण्यांच्या ढिगातून वाईट दाणा हुडकायचा, हाच त्याचा धंदा. धंदा घरी येऊ नये असं म्हणतात, पण पुंजारामच्या बाबतीत तो उशाशी येऊन झोपलेला होता. दुधात पाणी, मापात खोट, बोलण्यात पेच, हे त्याला सगळ्यांच्या आधी दिसायचं. नाण्यांचा नाद त्यातूनच लागला. टांकसाळीतून चुकून बाहेर पडलेली नाणी तो जमवायचा. कशावर सिंह एका कडेला सरकलेला, कशावर सालच नाही, एखादं एका बाजूनं साफ कोरं. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा त्यानं भरत आणला होता. हातात आलेलं प्रत्येक नाणं दोन्ही बाजूंनी पाहिल्याशिवाय तो पुढं सरकवत नसे. किराणावाले आणि बसचे कंडक्टर त्याला वैतागलेले होते.

खिशातलं भिंग काढून त्यानं रुपया उजेडात धरला. मोठा, जुना रुपया, हल्ली बाजारात क्वचित दिसतो तसला. वर सिंहाचा छापा. त्यानं उलटा केला. रुपयाचा आकडा आणि कणसं हवी होती तिथं पुन्हा सिंहच होता, पण उलटा आणि आत खोल गेलेला. ओल्या मातीवर शिक्का दाबावा तसा. आधीचं नाणं साच्यात अडकून राहिलं की पुढच्यावर असा ठसा उमटतो, हे त्याला माहीत होतं. त्यानं फोटो पाहिला होता. औरंगाबादचा नाण्यांचा व्यापारीसुद्धा म्हणाला होता, की असलं नाणं अजून माझ्या हाताखालून गेलेलं नाही. पुंजारामला इतका आनंद झाला की क्षणभर तो संशय घ्यायचंच विसरला.

मग त्याला खोलगट रेषांमध्ये बसलेली पिवळी-तांबडी धूळ दिसली.

"वहिनी, ह्यो सापडला कुठं?"

"सापडायचा कशाला? वाटणी झाली तवापासनं देवघरात हाय. दर दसऱ्याला हळदकुंकू लावीत आले मी. वाटणीचा रुपया न्हवं का त्यो."

भिंग धरलेला हात होता तिथंच थांबला.

चतुराबाई लेकीकडं निघाल्या होत्या, वाटेत इथं डोकावल्या होत्या. पुंजारामच्या बायकोनं, उषाबाईनं, त्यांना कुंकू लावलं, पिशवीतला हुरडा काढून घेऊन पिशवीत साखर घातली. पुंजाराम चपला न घालताच रस्त्यापर्यंत सोबत गेला.

"आन् काय म्हणला दादा?"

"काई न्हाई."

"कायतरी म्हणला असंल."

चतुराबाईंनी थोडा विचार केला. "म्हणले, ताणावरच्या झाडायला आता पाणी द्यायला पायजे. पर त्ये मला म्हणले, भाऊजी. तुमाला न्हाई."

झालं. पुंजारामच्या डोक्यात भिंगरी फिरायला एवढं पुष्कळ होतं.

कुंभार पिंपळगावचं त्याचं विहिरीचं रान त्यानं विकायला काढलं होतं. अंबडचा एक जण घ्यायला तयार होता. ही गोष्ट तो सोडून फक्त बायकोला ठाऊक होती. त्या विहिरीतून एक पाइप थोरल्या भावाच्या, रखमाजीच्या माळावर जात होता आणि माळावरची मोसंबी त्यावर जगत होती. घेणाऱ्यानं पहिलीच अट घातली होती, की पाइप उखडायचा. पुंजारामनं भावाला अजून काही कळवलं नव्हतं. आणि नेमका आत्ताच हा रुपया आला होता.

वाटणीचा दिवस त्याला लख्ख आठवत होता. वडील गेल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात पाच माणसं पारावर बसली होती. त्यांच्याकडं रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. रखमाजीनं दोन वाटे पाडले. एकीकडं नाल्याकाठचं विहिरीचं रान, दुसरीकडं जवळजवळ दुप्पट माळ, पण कोरडा ठणठणीत. "उचल," तो म्हणाला. पुंजाराम तेव्हा पंचविशीतला होता, पण संशय आजच्याइतकाच पिकलेला. हा इतक्या सुखासुखी मला आधी उचलू देतो, म्हणजे यात काहीतरी आहे, असं त्याला वाटलं. शिवाय विहीर उचलली तर लोक म्हणणार, तीन पोरी असलेल्या थोरल्याचं पाणी धाकट्यानं तोडलं. म्हणून तो म्हणाला, "मी उचलीत न्हाई. नाणं उडव. जितंल त्याची विहीर." पारावरची माणसं हसली. रखमाजीनं खिशातून रुपया काढला. पुंजाराम "छापा" म्हणाला आणि छापाच पडला. विहीर त्याला आली. रखमाजीनं झटकन वाकून रुपया उचलला आणि खिशात टाकला.

"दाव इकडं," पुंजाराम म्हणाला होता.

"भरवसा न्हाई का?" रखमाजीनं विचारलं होतं. पाच माणसांपुढं यावर काय बोलणार?

तेव्हापासून ती खिशात गेलेली मूठ त्याच्या मनात सलत होती. आज उत्तर हातात आलं होतं. आपला संशय खरा निघाला, याचं त्याला आधी समाधानच वाटलं. माणूस किती खोलवर बिघडू शकतो, बघा. दादानं फसवलं, फसवलं, असं घोकत तो घरात आला आणि खाटेवर बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की फसवणूक त्याच्याच पदरात विहीर टाकून गेली होती.

हे त्याला बिलकुल पचेना. कुणी आपल्या तोट्याची लबाडी करतं का? दोन दिवस तो कंपनीत ढिगापुढं नुसता बसून राहिला. काळे दाणे त्याच्या डोळ्यांदेखत पुढं जात होते. तिसऱ्या दिवशी त्यानं शोध लावला. विहीर कुणाच्या नावावर? माझ्या. गाळ कोण काढतो? मी. मोटर बिघडली की खर्च कुणाचा? माझा. आणि पाणी कुणाच्या झाडाला? रखमाजीला ठाऊक होतं की हा नोकरीमागं शहरात जाणार आणि सख्ख्या भावाला पाणी नको म्हणणार नाही. माळही त्याचा आणि पाणीही त्याचंच. वर दरवर्षी मोसंबीचं पहिलं पाणी सोडायला मोटर पुंजारामच्याच हातानं चालू झाली पाहिजे, हा थोरल्याचा हट्ट. नारळ फोडायचा, चतुराबाईंच्या हातचं पुरणाचं जेवायचं आणि खुशीत घरी यायचं. गोड खाऊ घालून इतकी वर्षं गंडवला आपल्याला. आणि आता विकायची कुणकुण लागली तसा रुपया पाठवून उपकाराची आठवण करून देतोय.

उषाबाईनं हे सगळं ऐकून घेतलं. भाकरी उलटत ती म्हणाली, "हितं बसून किती उलटंपालटं करून राह्यले? त्यायलाच इचारा की."

रविवारी तो गेला.

बसमधून उतरून तो थेट माळावर गेला. बहारासाठी पाणी तोडून झाडांना दिलेला ताण पुरा झालेला दिसत होता. पानं पिवळी पडून आत वळली होती, काही गळून आळ्यात पडली होती. ताणलेल्या झाडाला वेळेवर पाणी मिळालं तर ते अंगभर फुलतं, नाही मिळालं तर मरतं. रखमाजी एका झाडाखाली बसून खुरप्यानं आळं सारखं करत होता. पाणी येणारच असल्यासारखं. पुंजारामला त्याचाही राग आला.

"वहिनीनं रुपया दिला."

"बरं झालं. लागत व्हता न तुला असला?"

"दोन्ही अंगानं छापा हाय ह्याला."

"हाय."

"तुला ठावं व्हतं?"

"बाजारात कुणीतरी माझ्या माथी मारल्ता. चालंना कुठंच. खिशात तसाच पडून व्हता."

"आन् मी छापाच म्हणणार, ह्ये बी ठावं व्हतं."

"लहानपणापासून दुसरं काय म्हणलास तू?" रखमाजीनं खुरपं थांबवलं नाही.

इतक्या सहज कबुलीची पुंजारामनं तयारी केली नव्हती. तो बांधावर बसला. "का केलं मंग?"

रखमाजीनं मातीचं एक ढेकूळ फोडलं. "माळ आला असता तुला, तर दुसऱ्याच साली विकून मोकळा झाला असता. गावात मन कवा व्हतं तुझं? पाण्याचं रान माणूस जल्दी सोडीत न्हाई. म्हणलं, त्या निमित्तानं तरी येत जाशील."

पुंजारामनं या बोलण्यातली भेसळ शोधली. ती नव्हती असं नाही. पाणी आपल्याला मिळेल, हा हिशोबही भावानं केलाच असणार. पण बाकीचा दाणा चोख होता. आणि आई गेल्यावर आपण या गावात फक्त मोटर चालू करायलाच येत गेलो, हेही त्याला आठवलं. त्याला लाज वाटली. लाज वाटली की तो आणखी तिखट बोलायचा.

"मंग आताच का पाठवला?"

"विकायलास म्हणं तू."

"कुणी सांगितलं?"

"घेणारा आल्ता न विहीर बघाया. दोर सोडून खोली बघून गेला." रखमाजीनं खुरपं बाजूला ठेवलं. "लबाडीनं बांधून ठिवलं व्हतं तुला मी. तू सोडायलास, तर म्हणलं आता त्यो रुपया आपल्या देवघरात नगं. तुझा तुला दिला. तू मोकळा हायेस."

"आन् झाडं?"

"झाडायचं बघू."

पुंजाराम वाट पाहत राहिला. विकू नको, एवढं तरी भाऊ म्हणेल आणि आपण काय उत्तर द्यायचं, ते त्यानं बसमध्ये नीट जुळवून आणलं होतं. पण रखमाजीनं गळालेलं एक पान उचललं, बोटांत चुरलं आणि हात झटकले.

पुंजारामनं खिशातून तो मोठा रुपया काढून पुढं धरला. "उडव."

"कशापायी?"

"छापा पडला तर न्हाई विकीत. काटा पडला तर विकतो."

रखमाजीनं रुपयाकडं पाहिलं. मग भावाकडं. आणि त्यानं भावाची बोटं त्या रुपयावर मिटवली.

"ह्यानं न्हाई. येकदा केलं तेवढं बास झालं."

बंडीच्या खिशात हात घालून त्यानं दुसरा रुपया काढला. हल्लीचा, लहान. सवयीनं पुंजारामनं तो घेऊन उलटसुलट पाहिला. एका बाजूला सिंह, एका बाजूला आकडा. त्यात काहीही खोट नव्हती. त्याला एकाएकी भीती वाटली. काल कुणी विचारलं असतं तर काटा पडावा असं त्यानं सांगितलं असतं. नाणं परत देताना त्याचा हात रेंगाळला.

रखमाजीनं नाणं उडवलं. ते झाडाच्या पिवळ्या पानांतून वर गेलं, एका फांदीला लागलं आणि आळ्यातल्या भुसभुशीत मातीत पडलं. रखमाजी गुडघ्यावर हात टेकून बघायला वाकू लागला. त्याच्या आधी पुंजारामनं त्यावर पाय दिला. समोरच्या झाडाकडं बघतच तो खाली वाकला, मातीसकट नाणं मुठीत घेतलं आणि मूठ खिशात घातली.

"छापा," तो म्हणाला.

"दाव इकडं."

"भरवसा न्हाई का?"

रखमाजी त्याच्याकडं बघत उभा राहिला. मिशीखाली काहीतरी हललं, पण हसला म्हणावं इतकं नाही.

"हाय," तो म्हणाला. त्यानं पुन्हा खुरपं उचललं. "लाइट आली असंल. जा, मोटर चालू कर. तुझी वहिनी नारळ घिऊन येतीच."

परतीच्या बसला गर्दी नव्हती. पुंजारामच्या पँटचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते आणि हातांना चिखलाचा वास येत होता. कंडक्टर ओळखीचा होता. त्यानं पुंजारामला पाहूनच कपाळाला आठ्या घातल्या.

"वर एक रुपया सुट्टा द्या. आन् बघत बसू नका भाऊ, मला पुढं जायचंय."

पुंजारामनं खिशात हात घातला. आत दोन रुपये होते. मोठा त्याच्या बोटाला कळला, सिंहाचा खोल ठसा लागला. तो त्यानं तसाच राहू दिला. लहान रुपयाला अजून माती चिकटलेली होती. तो त्यानं बाहेर काढला आणि खिडकीतून बाहेर बघत कंडक्टरच्या हातावर ठेवला.

कंडक्टर जागचा हलला नाही. त्यानं अंगठ्यानं माती पुसली, रुपया एका बाजूनं पाहिला, उलटून दुसऱ्या बाजूनं पाहिला.

"चांगला हाय न ह्यो?"

"चांगला हाय," पुंजाराम म्हणाला.