काडीपैलवानाची ओळ

आठवडाभर चिडीचूप असलेल्या घरात चमचा वाटीत ठण्णकन वाजला. भिंगरीनं, माझ्या चार वर्षांच्या लेकीनं, तापातून उठून आपल्या हातानं वाटी चाटूनपुसून संपवली होती. मी तिचा गाल कुरवाळला, तिला आजीच्या हवाली केलं आणि रजा संपवून कामावर गेले.

मी मक्याचे संकरित वाण तयार करते. आमच्या केंद्राच्या शेतात 'सरदार' आहे. उंच, रुंद पानांचा, टपोऱ्या कणसाचा. त्याच्या शेजारच्या ओळीत काडीपैलवान. माझ्या कमरेइतका, कणीस अंगठ्याएवढं. वर्षानुवर्षं आम्ही त्याच्या तुऱ्याला कागदी पिशवी बांधतो आणि त्याचाच पराग त्याच्याच कणसावर झटकतो. त्यानं वाण शुद्ध राहतो, पण अंगानं खुरटतो. सरदारही असाच वाढवलेला, फक्त दिसायला बरा. मात्र दोघं अगदी वेगवेगळ्या कुळांतले. म्हणून त्यांचा संकर केला की लेकरू दोघांपेक्षाही उंच होतं, कणीस टोकापर्यंत गच्च भरतं. हंगामामागून हंगाम मी हे बघितलंय.

शेतात पोचले, तर काडीपैलवानाच्या जागी नुसती मोकळी माती.

"पाहुणे आले होते," साहेब म्हणाले. "त्यांना काय दाखवायचं, दवाखाना? उपटून टाकायला लावली ती ओळ."

"साहेब, जुन्या बियाची उगवण घटत होती. ताजं बी धरायचं म्हणून होतं नव्हतं ते सगळं मी तिथेच पेरलं होतं. तुम्हाला सांगून!"

"हो का? राहिलं असेल डोक्यातून. एवढं काय त्यात? सरदार आणि त्याची बहीण घ्या. दोघंही देखणी."

"एकाच घरातली ती दोघं. एकाकडे जे नाही ते दुसरीकडेही नाही. लेकरात जोर येणार कुठून?"

"मॅडम, तुम्ही मका करता की सोयरिकी जमवता?"

"सोयरिकीच जमवते. पगार त्याचाच घेते मी."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचा चेहरा उतरला. "रजा जरा कमी घ्या," ते म्हणाले, "म्हणजे ओळी राहतील जागेवर."

तळपायाची आग मस्तकात गेली. माझं पोर घरात धापा टाकत होतं आणि इथे या माणसाला पाहुण्यांपुढे शोभा हवी होती! खुरटं दिसलं की उपटायचं, आणि दारावर पाटी मात्र पैदासकार म्हणून! हे सगळं त्यांना तोंडावर सुनवावंसं वाटलं. पण आधी मी खताच्या खड्ड्यात उतरले.

सुकलेल्या ढिगात एकाच रोपाच्या मुळांना ओली माती होती. ओल्या पोत्यात गुंडाळून ते घरी आणलं, गच्चीत बादलीत लावलं. भिंगरी रोज त्याला मगानं पाणी घालायची, आणि "पी रे, पी," म्हणायची.

रोप जगलं. पण इतकं सोसलेल्या मक्याचं गणित चुकतं. तुरा लवकर झडला, आणि ज्यांच्यावर पराग पडला तरच दाणे भरतात ते कणसाचे केस येईनात. मी पराग डबीत धरला, फ्रिजमध्ये ठेवला. तो टिकत नाही हे माहीत असूनही ठेवला.

आज केस आले. ओले, गुलाबी, लेकीच्या जावळासारखे मऊ. आणि डबीतला पराग केव्हाच मेलेला. सरदाराचा घातला तर दाणे भरतील, पण ते संकराचे. काडीपैलवान इथेच संपला.

"आई, डोळे का पुसतेस?"

"याचं बी आता धरता येणार नाही गं."

"मग दुसरं आण."

"दुसरं कुठेच नाही, राणी."

भिंगरीनं बादलीच्या काठावर हनुवटी टेकवली आणि जरा विचार केला.

"त्याच्या आईकडे असेल ना. त्याची आई कुठे राहते?"