वास असलेलं स्वप्न

भाद्रपदातले आठ-दहा दिवस डोंगर धुक्यात बुडालेला होता. त्या सकाळी धुकं सावकाश वर सरकलं, आणि त्याच्या खालून निघाला तो निळाच डोंगर. माथ्यापासून पायथ्यापर्यंत, ओघळीओघळीतून, कपारीकपारीतून कारवी फुलली होती. नीलवर्णी, दंवभिजली, मधुगंधी कारवी. सात वर्षं नुसती पानं मिरवायची, आठव्या वर्षी साठवलेला सारा रंग एकदाच उधळायचा आणि मग मरून जायचं, अशी ही उधळी झुडपं. वाडीतल्या घरांच्या कुडाच्या भिंती हिच्याच काठ्यांच्या. रोज तिला पाठ टेकणाऱ्या माणसांना तिच्या फुलांची आठवण मात्र राहत नाही.

पंधरा वर्षांची रेणुका उंबऱ्यात उभी राहून त्या निळाईकडे बघत होती. मग ती आत आली आणि चुलीपुढच्या चांगुणाआत्याला म्हणाली, "आत्या, मी अजून उठले नाही."

आत्याचा हात तव्यावरच थबकला. भाकरी करपली तरी तिच्या लक्षात आलं नाही.

रेणुकाच्या मनाच्या घडणीला तालुक्याच्या डॉक्टरबाईंनी स्वमग्नता असं नाव दिलं होतं. नाव देखणं आहे, पण आमच्या मते अर्धंच खरं. ही पोर स्वतःत कमी आणि जगातच जास्त बुडालेली. पागोळीचा थेंब कौलाच्या कडेला लोंबतो, फुगतो, थरथरतो आणि तुटतो, हे ती तासभर बघू शकायची. दुसऱ्याला थेंब दिसायचा. तिला त्याचा सगळा जन्म दिसायचा. कुणी गालाला हात लावला की मात्र तिला चटका बसल्यासारखं व्हायचं, आणि दिलेला शब्द तिच्या लेखी दगडासारखा पक्का असायचा.

एक अडचण होती. स्वप्न आणि जाग यांच्या मधलं दार तिच्या घराला बसवायचंच राहून गेलं होतं. शेजारच्या काशीने स्वप्नात तिची वाटी चेपली, की सकाळी ही काशीच्या दारात हजर. एकदा स्वप्नात मेलेल्या शेळीसाठी ती दुपारपर्यंत रडली, आणि शेळी बिचारी तिचा हात चाटत उभी.

म्हणून आत्याने एक रीत पाडली होती. सकाळी सूप पुढ्यात घेऊन ती तांदूळ निवडायची, आणि रेणुका मनात साचलेलं एकेक सांगायची. आत्या निवाडा द्यायची. हे झालेलं. हे सपान. हे झालेलं. हे सपान. खडे एकीकडे, दाणे एकीकडे. आत्याचा निवाडा म्हणजे शेवटचा शब्द, कारण आत्या खोटं बोलत नाही, हे रेणुकाला सूर्य उगवण्याइतकं ठाऊक होतं.

तिने स्वतःचाही एक शोध लावला होता. स्वप्नात वास येत नाही. म्हणून जाग आली की ती आधी गोधडी हुंगायची, मग राख, मग शेळीची मान. वास आला की दिवस खरा.

या नियमाला एकच स्वप्न जुमानत नव्हतं. अथांग निळं रान, त्यात आईचा तापलेला हात, आईचा आवाज, आणि भोवती कडूगोड, ओला, जड वास. आत्याने ते कितीतरी वर्षांपूर्वी खड्यांत टाकलं होतं. रेणुकाने निवाडा मानला, पण वास काही जाईना. त्याच्याच शेजारी तिचं एकुलतं एक दुखणं होतं, आणि दरवर्षी आईच्या श्राद्धाला ती ते बोलून दाखवायची. आई मला काही न सांगता का गेली? आत्या तेव्हा हंडा उचलून पाण्याला निघून जायची.

आज तेच निळं रान भर उन्हात दारासमोर उभं होतं. रेणुका घाबरली नाही. तिला मोठं नवल वाटत होतं, आणि नवल वाटलं की ती तपासायला निघायची. ती कड्याची वाट चढू लागली, आणि पदर खोचून आत्या तिच्या मागे.

पहिल्या झुडपापाशी ती थांबली. पान चुरगाळलं, खरखरीत, चिकट. फुलात शिरलेली मधमाशी पाय पिवळे करून बाहेर येईपर्यंत वाट पाहिली. बोटावर दंव घेतलं, चाखलं. सगळ्यात शेवटी, डोळे मिटून, तिने त्या निळ्या घोसात नाक खुपसलं.

कडूगोड. ओला. जड. तोच.

ती वळली. आत्या चार पावलं खाली उभी होती, आणि तिच्या तोंडावर असं काही होतं, जे वाचायला रेणुकालाही कुणाची मदत लागली नाही.

"ते सपान नव्हतं, बाय," आत्या म्हणाली. "म्या खोटं सांगितलं तुला."

मग खाली मान घालून तिने सगळं सांगितलं. आठ वर्षांपूर्वीही डोंगर असाच फुलला होता. कावीळ झालेल्या आईला चौघांनी बांबूला बांधलेल्या झोळीतून याच वाटेने सडकेकडे, दवाखान्याकडे नेलं. सात वर्षांची रेणुका हात सोडीना. तेव्हा आईने इथल्याच एका सपाट दगडापाशी झोळी थांबवली, लेकीला त्यावर बसवलं, आणि ती गेली. ती दवाखान्यातून परत आली नाही. पोर मात्र रोज उठून दगडावर येऊन बसायची. जेवेना, बोलेना, पावसातही हलेना. पाचव्या दिवशी ती तापाने फणफणली. भावजय गेलीच होती. आता पोरही जाईल या धास्तीने आत्याने तिला पोटाशी धरून सांगितलं, की ते सपान होतं. पोर दगडावर जायची थांबली. आत्याची झोप मात्र त्या दिवसापासून गेली.

रेणुकाने ऐकून घेतलं. तिने आधी विचारलं, आणखी काही चुकीच्या ढिगात टाकलंस का? आत्या म्हणाली, नाही, एवढंच. रेणुकाला ते पटलं.

"म्हणजे आई बोलली होती?"

"बोलली व्हती."

रेणुका झुडपांतून वाट काढत दगडापाशी गेली. निळ्या फांद्या बाजूला केल्या. तिने डोळे मिटले, ओठ हलवले, आणि तिच्या तोंडून एक निराळाच आवाज आला. दमलेला, मऊ, मध्येच श्वास तुटणारा.

"रेणू, हितंच बस. मी आले की मगच ऊठ."

आत्याने कमरेला लावलेला हात खाली सोडला. तो आवाज तिच्या भावजयीचा होता. आठ वर्षांत ती तो विसरत चालली होती, आणि या पोरीने तो जसाच्या तसा, एकाही श्वासाची काटछाट न करता, जपला होता. आत्या तिथेच मटकन खाली बसली आणि मोठ्याने रडली.

रेणुका रडली नाही. ती त्या दगडावर बसली. पाय जवळ घेतले, हात गुडघ्यांवर ठेवले. ऊन चढलं, दंव उडालं, मधमाश्यांची गुणगुण दाटत गेली. निळ्यामागे निळं, निळ्यापुढे निळं. तिचा चेहरा शांत होता. आई सांगून गेली होती. आई नीट, स्वच्छ, शब्दांत सांगून गेली होती.

बऱ्याच वेळाने ती आत्याकडे न बघता बोलली.

"आई आता येणार नाही ना?"

"न्हाई, बाय."

"मग मी उठू?"

आठ वर्षं अडलेली रजा पोर आत्याकडे मागत होती, आणि ती देणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"ऊठ," ती म्हणाली.

रेणुका उठली. मागचं झटकलं, पुढे झाली, आणि कुणाचा स्पर्श न सोसणाऱ्या त्या मुलीने आत्याला उठवायला आपला हात दिला. दोघी उतारावरून खाली जाऊ लागल्या. वाऱ्याने कारवी हलली, आणि रिकाम्या दगडावर फुलं उतरत राहिली, एक, मग एक, मग एक.