वाकड्या टोकाचा तारा

देहूरोडला डिसेंबरात थंडी अशी पडते, की बशीत ओतलेला चहा ओठांपर्यंत नेईस्तोवर त्याची कुल्फी होते. ही बातमी शांतवन उजागरेची. शांतवन चर्चच्या कमिटीत होता, त्यामुळं तिला खोटी म्हणायची सोय नव्हती. त्याच्या ढोलकीबद्दलही लोक असंच काहीबाही सांगत. त्यानं थाप मारली की चाकणच्या वखारीतल्या कांद्यांना कोंब फुटतात, आणि दारूगोळ्याच्या डेपोवर पेंगणारा पहारेकरी ताठ होऊन सलाम ठोकतो. यातलं निम्मं सोडून द्या. उरलेलं निम्मं त्याच्या बायकोनं, जयमालानं, स्वतःच्या कानांनी ऐकलेलं होतं.

चाकणच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या मशिनवर शांतवनची उमर गेली. मशिननं त्याचा डावा कान पार निकामी केला, पण ताल काही हलला नाही. नाताळाच्या आधी चर्चची कॅरल पार्टी टेम्पोत बसून घरोघर गाणी म्हणत फिरायची, तिचा म्होरक्या शांतवनच. आणि त्या पार्टीचा एक कायदा होता, तोही त्यानंच केलेला.

झालं होतं असं, की फार वर्षांपूर्वी एकदा पार्टी दमली आणि आक्काबाईच्या खोलीला वळसा घालून पुढं गेली. आक्काबाई म्हातारी, विधवा, एकटी. तिनं वर्तमानपत्राचा तारा करून दाराला टांगला होता आणि पार्टीसाठी चहाचं आधण ठेवलं होतं. आधण आटलं, तिनं पाणी घातलं; पुन्हा आटलं, पुन्हा घातलं. रविवारी चर्चमध्ये तिनं शांतवनला एवढंच विचारलं, "माझा तारा दिसला न्हाई व्हय रे बाबा?"

शांतवन तिथल्या तिथं उभा राहिला आणि सगळ्या मंडळीसमोर म्हणाला, "आजपासून जिथं तारा दिसेल तिथं थांबायचं. घर कुणाचं, माणूस कसा, बघायचं नाही."

तेव्हापासून पार्टी कायद्याला इतकी पक्की, की एका केकवाल्यानं गिऱ्हाईक ओढायला दुकानावर तारा लावला, तर तिथंही उभं राहून सगळी कडवी म्हणून झाली. केकवाला होता केरळचा मुसलमान. त्यानं सगळ्यांना क्रीमरोल वाटले आणि दुसऱ्या वर्षी तारा दुप्पट मोठा लावला.

यंदा जयमालाचा सगळा बेत या कायद्यावर उभा होता.

त्यांची एकुलती लेक निशिगंधा. तिनं कंपनीतल्या कुलदीपशी कोर्टात लग्न केलं. कुलदीप मोशीकडच्या जुन्या शेतकरी घरातला, हिंदू. पोरगा सालस, त्याच्याबद्दल तक्रारीला जागा नव्हती. पण घरी कळलं ते फोनवर, सह्या झाल्यावर. शांतवननं लेकीच्या लग्नात वाजवायची म्हणून ढोलकीला नवं कातडं चढवून ठेवलं होतं. फोन ठेवल्यावर त्यानं ढोलकी खोळीत घातली आणि पवित्र शास्त्र टेबलावर आणून ठेवलं.

"तिच्या उंबऱ्याला माझा पाय लागणार नाही," तो म्हणाला. "आणि तू ठेव हात यावर. माझ्याआधी तो उंबरा ओलांडणार नाहीस."

जयमालानं हात ठेवला. तिला वाटलं, गरम तवा आहे, घटकाभरात निवेल. तोवर हात ठेवायला काय जातं. तिथं ती चुकली. तवा निवला नाही, आणि शास्त्रावर ठेवलेला हात परत उचलायचा कसा ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. दुसरी एखादी गुपचूप जाऊन आली असती. जयमाला देवाशी भांडायची, भाजी निवडताना त्याला टोमणे मारायची, दोन-दोन दिवस त्याच्याशी अबोला धरायची. पण त्याला दिलेला शब्द मोडायची नाही.

म्हणून मायलेकी भेटायच्या पिंपरी कॅम्पात, एका चादरीवाल्याच्या दुकानाबाहेरच्या बाकड्यावर. नात झाली, सायली, तिलाही जयमालानं पहिल्यांदा त्याच बाकड्यावर मांडीवर घेतलं. पोरगी बोलायला लागली तेव्हा तिची समजूत अशी होती, की आजी त्या बाकड्यावरच राहते, आणि चादरी विकायला ठेवलेल्या नसून आजीच्या पांघरायच्या आहेत.

डिसेंबर लागला तसं निशिगंधानं त्याच बाकड्यावर सांगितलं, "आई, कुलदीपची बदली झाली. गुजरातेतल्या प्लँटला. नव्या वर्षात निघू."

"परत कधी?"

"आता तिकडचंच म्हणायचं."

जयमाला बराच वेळ समोरच्या चादरींकडं बघत बसली. मग म्हणाली, "गॅलरीत तारा लावशील?"

"बाबांनी बघितला तरी ते—"

"कायदा त्यांनीच केलाय, भर चर्चमध्ये. तारा दिसला की पार्टी वर येणार. पार्टी येणार म्हणजे ते पुढं असणार. त्यांचा पाय उंबऱ्याच्या आत पडला की मागून मी."

निशिगंधाची सासू सावित्रीबाई शेजारीच सायलीला शेंगा सोलून देत होती. ती म्हणाली, "व्हय, लावू की. दिवाळीला आमी कंदील लावतोच न्हाई का. पर इहीणबाई, त्या पार्टीत माणसं किती? आमच्यात पावणा चहावर न्हाई जात, जेवूनच जातो."

"फक्त चहा, सावित्रीबाई. अजून पुढची घरं असतात त्यांना."

"मंग करंज्या तरी करते. रिकाम्या चहानं घशात गाणं अडकतं."

तारा कुठला, हे जयमालानं आधीच ठरवलं होतं. माळ्यावर एक होता, बांबूच्या कामट्यांचा आणि पतंगी कागदाचा, शांतवननं निशिगंधाच्या पहिल्या नाताळाला केलेला. तो वाळत घातलेला असताना रांगती निशिगंधा जाऊन त्यावर बसली आणि एक टोक वाकलं. शांतवननं ते सरळ केलं नाही. "लेकरानं त्यावर शिक्का मारलाय," म्हणायचा. दर नाताळाला नवा कागद लावून तोच तारा दाराला लागायचा. लेक गेली त्या वर्षी तो माळ्यावर गेला आणि दाराला बाजारचा प्लॅस्टिकचा आला.

नानकटाईचं पीठ, तूप, साखर घेऊन जयमाला बेकरीत भाजून आणायला निघाली, तेव्हा मधल्या काड्या काढून चपटा केलेला तारा चादरीत गुंडाळून तिच्या काखेत होता.

"चादर कशाला?" शांतवननं विचारलं.

"पत्रे गरम असतात. धरायला."

"एवढी मोठी?"

"नानकटाई जास्त आहे यंदा."

त्या वर्षी घरी नानकटाई आली ती मुठीत मावेल इतकी. शांतवननं डबा उघडला, बघितला आणि बंद केला.

पिंपळे सौदागरला एक नवं कुटुंब चर्चमध्ये यायला लागलं होतं. त्यांच्याकडं पार्टी न्यायचीच असा लकडा जयमालानं पाळकीणबाईंकडं, रुपालीताईंकडं लावला होता. त्या कुटुंबाची गल्ली आणि निशिगंधाची सोसायटी पाठीला पाठ. संध्याकाळी टेम्पो निघाला. सगळे गात होते, जयमालाचे नुसतेच ओठ हलत होते. आत तिचं देवाशी चाललं होतं. बेथलेहेमावर एवढा मोठा तारा आणून उभा केलास, परक्या मुलखातले शहाणे उंटावर बसवून आणलेस. मी तर एका ढोलकीवाल्याला चार जिने चढव म्हणतेय.

नव्या कुटुंबाकडचं गाणं झालं, टेम्पो वळला आणि सोसायटीच्या फाटकापाशी आला. जयमालानं मान वर केली.

गॅलरीगणिक तारा होता. हिरवे, निळे, लुकलुकणारे, फिरणारे. सोसायटीच्या कमिटीनं हौसेनं सगळ्यांना एकाच दुकानातून मागवून दिले होते. कुलकर्ण्यांकडं तारा, पाटलांकडं तारा, शर्मांकडं तारा आणि खाली हरणांची गाडी. वॉचमनला सांताक्लॉजची टोपी घातली होती. आभाळातले सगळे तारे खाली उतरून भाड्यानं राहायला आलेत, असं वाटावं.

टेम्पोत हशा उसळला. रुपालीताई म्हणाल्या, "शांतवनमामा, आज तुमच्या कायद्याची खरी परीक्षा."

शांतवन खाली उतरला. ढोलकी गळ्यातच होती. तो एकेक मजला बघत गेला आणि चौथ्यावर थांबला. तिथं एकच तारा लुकलुकत नव्हता. आत साधा पिवळा दिवा होता, कागद पतंगी होता आणि एक टोक वाकडं होतं. त्याच्याखाली निशिगंधा सायलीला कडेवर घेऊन उभी होती, शेजारी सावित्रीबाई डोक्यावर पदर घेऊन. चाळा म्हणून ढोलकीवर फिरणारी शांतवनची बोटं जिथल्या तिथं राहिली.

मग तो पार्टीकडं वळला. "इथं सगळ्यांकडं गायचं म्हटलं तर ईस्टर उजाडेल. हे हौसेचे तारे. चला."

लोक हसले आणि पुन्हा टेम्पोत चढायला लागले. जयमाला त्याच्याजवळ गेली, उजव्या बाजूला, चांगल्या कानाकडं.

"अहो, चौथ्या मजल्यावर बघा."

"बघितलं."

"टोक वाकडं आहे त्याचं."

"बघितलं म्हणतो ना," शांतवन म्हणाला, आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

जयमाला टेम्पोत चढली नाही. फाटकातून आत गेली, गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभी राहिली आणि गायला लागली. गाणं शांतवनच्याच बापानं रचलेलं.

*उघड गं बेथलेमा, उघड कवाड,*
*थंडीत उभी कुणाची लेक...*

तिचा आवाज तसा जात्यावरचा, त्यात आता कापरा झालेला. या ओळीनंतर ढोलकी येते. इतक्या वर्षांची सवय. जयमाला ढोलकीपुरती जागा सोडून थांबली. फाटकाबाहेर टेम्पोचं इंजिन नुसतं घरघरत होतं. ती थांबली, अजून थोडी थांबली, मग पुढची ओळ म्हणाली. प्रत्येक कडव्याला तिनं ती जागा सोडली.

एव्हाना गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. कुणी मोबाईल धरले, कुणी टाळ्या वाजवल्या, एकानं "वन्स मोअर" म्हटलं. चौथ्या मजल्यावरून सायलीचा आवाज आला, "बाकड्यावरची आजी."

निशिगंधा करंज्यांचं ताट घेऊन खाली आली. तिनं आईला धरलं, दोघींच्या मध्ये ताट होतं म्हणून नीट धरताही येईना. मग तशीच ती फाटकाबाहेर टेम्पोपाशी गेली. मागच्यांनी एकेक करंजी उचलली, "जय ख्रिस्त, निशाताई," म्हणाले, आणि लगेच गप्प झाले. ती पुढं गेली. शांतवन समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत होता.

"बाबा," निशिगंधा म्हणाली.

खिडकी डाव्या बाजूची होती. त्याला ऐकू आलं की नाही, हे जयमालानं त्या दिवशी विचारलं नाही, आणि नंतरही विचारायचा धीर तिला झाला नाही. ड्रायव्हरनं थोडा वेळ वाट बघितली, मग गाडी गिअरमध्ये टाकली. जयमाला शेवटची चढली. ताटात करंज्या उरल्या होत्या आणि निशिगंधा ते ताट तसंच खिडकीच्या उंचीवर धरून उभी होती.

नाताळची उपासना झाली. पाळकांनी उपदेश केला, की सराईत ज्यांना जागा मिळाली नाही त्यांना गोठ्यानं जागा दिली. जयमालानं सगळा ऐकला. घरी येऊन ती देवाला म्हणाली, "तुझं बरं आहे, तुला गोठा तरी मिळाला." मग चार दिवस त्याच्याशी बोलली नाही.

नव्या वर्षात निशिगंधाचं सामान गेलं, मागून माणसं गेली. सावित्रीबाई मोशीला थोरल्या मुलाकडं राहिल्या. निरोपही बाकड्यावरच झाला. चादरीवाल्यानं सायलीला एक छोटी चादर फुकट दिली, आणि तिनं ती आजीला पांघरायला ठेवून दिली.

जानेवारी सरत आला तेव्हा जयमाला गव्हाणीचा देखावा उचलून ठेवायला माळ्यावर चढली. पत्र्याच्या पेटीआड तिला पतंगी कागद दिसला. तारा होता. चपटा केलेला, काड्या बाजूला दोऱ्यानं बांधलेल्या. आणि गाठ शांतवनची, कारखान्यातली, ओढली की आवळणारी.

ती तारा घेऊन खाली आली. शांतवन ढोलकीच्या दोऱ्या ताणत बसला होता.

"हा इथं कसा?"

"आणला."

"कधी?"

"ते गेल्यावर."

"दिला कुणी?"

"वॉचमननं. भैरू नाव त्याचं, जामखेडकडचा आहे." शांतवननं दोरी ओढून बघितली, पुन्हा ढिली केली. "पोरगी त्याच्यापाशी ठेवून गेली होती. त्याला म्हणाली म्हणे, बाबा येतील न्यायला."

जयमाला खाली बसली. "वर गेला होता?"

"गेलो."

"मग?"

"कुलूप." त्यानं दुसरी दोरी हातात घेतली. "उंबऱ्यावर रांगोळी होती. निघताना सावित्रीबाईंनी काढली असणार. पायानं मोडायला नको म्हणून कडेला जिन्यात बसलो."

"बराच वेळ?"

"चहाचं आधण आटेल इतका."

जयमालानं तारा मांडीवर आडवा ठेवला, दोऱ्याची गाठ सोडली आणि एकेक काडी आत बसवायला घेतली. कामट्या जुन्या होत्या, दोनदा हात घसरला. शांतवननं ढोलकी बाजूला ठेवली आणि सरकून तारा पलीकडून धरला. वाकडं टोक त्याच्या हातात आलं.

"जानेवारीत कुणी तारा लावतं का?" तो म्हणाला.

"धरा नीट," जयमाला म्हणाली.