बारशाची तारीख

बारामतीच्या स्टुडिओत आलेल्या पोरीला रविराजनं आधी ओळखलंच नाही. "मी दिपाली. जोतीराम मेंढक्याची लेक, तुमच्या वडगावच्या रानात जन्मलेली," ती म्हणाली, तेव्हा त्याला सगळं आठवलं. एकवीस वर्षांपूर्वी, बाजरी निघाल्यावर, त्याच्या वडिलांनी खतासाठी जोतीरामची मेंढरं रानात बसवली होती. तिथंच जोतीरामची बायको सारजा बाळंत झाली. बाराव्या दिवशी बाभळीला लुगड्याची झोळी बांधून बारसं झालं आणि नवाकोरा कॅमेरा मिरवायला रविराजनं त्याचं शूटिंग केलं.

दिपालीला त्या बारशाची तारीख हवी होती. शाळेत गुरुजींनी निम्म्या वर्गासारखी तिचीही जन्मतारीख एक जून ठोकून दिली होती. आई ती चार वर्षांची असताना गेली, आणि बापाला विचारावं तर तो म्हणे, "बाजरी निघाली व्हती, एवढंच ध्यानात हाय."

"काका, एकदा तरी खऱ्या दिवशी वाढदिवस करायचाय. बारशाची तारीख कळली की मागं मोजता येईल."

"त्यात काय!" म्हणत रविराजनं कॉम्प्युटरवर बारशाची फाईल उघडली. फाईलवर गेल्या मार्चची, म्हणजे टेप कॉम्प्युटरवर उतरवली त्या दिवसाची तारीख होती. रविराज मुलखाचा आळशी. टेपवर चित्रासोबत शूटिंगची तारीखही नोंदलेली असते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण ती कॉम्प्युटरवर आणायची तर जुनं मशीन, वेगळी वायर, नसती यातायात. त्यापेक्षा त्यानं साध्या लाल-पिवळ्या वायरीनं, स्पीकर बंद ठेवून, साठ टेपा आठवड्यात उरकल्या होत्या. चित्र आणि आवाज तेवढे उतरले. तारखा टेपांतच राहिल्या आणि टेपा गेल्या भंगारात.

खरं सांगायला असा कितीसा वेळ लागतो? पण पोर एवढ्या आशेनं बघत होती, आणि तिच्यापुढं आपली अब्रू जाईल म्हणून हा गडबडला. "सतरा ऑक्टोबर," तो बोलून गेला. "म्हणजे जन्म सहाचा."

दिपालीनं बोटांवर मोजून बघितलं. मग फाईलचा पेन ड्राईव्ह घेऊन ती त्याच्या पाया पडली. रविराजला पाय कुठं लपवावेत ते कळेना.

सहा ऑक्टोबरला इंदापूरकडच्या त्यांच्या वस्तीवरून जोतीरामचा फोन आला, "दादा, तुमी आल्याबिगर केक कापायचा न्हाय." टाळायला सबब सुचेना, म्हणून तो गेला. लोकांनी त्याला पहिल्या खुर्चीत बसवलं. तेवढ्यात दिपालीनं टीव्हीला पेन ड्राईव्ह लावला.

"काका, हे मी रोज ऐकते. आज सगळ्यांनी ऐकायचं."

पडद्यावर सारजा झोळी हलवत होती. मग तिनं थेट कॅमेऱ्याकडं बघितलं. "दादा, आजची तारीख लिवून ठिवा कुठंतरी. आमाला दोघांस्नी लिवता येत न्हाय. पोरगी मोठी झाली म्हंजी इचारंल."

कॅमेऱ्यामागून एक कोवळा, ऐटबाज आवाज आला. "वैनी, ह्यो कॅमेरा आपसूक तारीख लिवतो. टेप माज्यापाशी हाय. कुठं जात न्हाय."

आवाज रविराजचाच होता. टेप उतरवताना स्पीकर बंद ठेवणाऱ्या या शहाण्यानं तो आजवर ऐकलाच नव्हता.

"बघा रं," जोतीराम डोळे पुसत म्हणाला, "दादानं सारजाला दिल्याला शबुद पाळला."

रविराज उठला. त्याचे कान तापले होते, मान वर होत नव्हती. "न्हाय पाळला, जोतीराम. टेप मी भंगारात घातली. सहा तारीख मी मनानंच सांगितली. पोरीशी खोटं बोललो मी."

टीव्हीवर बायका पाळणा म्हणत होत्या. दिपालीनं हातातली सुरी केकशेजारी ठेवली आणि पडद्यावरच्या आईकडं बघितलं.

"मग काका," तिनं विचारलं, "मी आता आईला काय सांगू?"