उजवी तरी घ्या

कैरुआन शहरातल्या एका घरात मंगळवारची सकाळ नेहमीसारखी उजाडली. मब्रूका मागावर बसून गालिच्याच्या गाठी मारत होती. तिची आई खदूजा धाकट्या मुलासाठी, लजहरसाठी बिनमिठाची भाजी शिजवत होती. लजहरच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. थोरला मुलगा हादी दारातूनच "बरं वाटतंय ना?" विचारून दुकानाला जायचा.

किडनी कोण देणार, हे घरात कुणी विचारलंच नव्हतं. मब्रूका एकेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची. "हादीला बायकोपोरं आहेत, हिच्यामागे कोण आहे?" खदूजा म्हणायची. मब्रूकालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. लजहरला तिनेच कडेवर वाढवलं होतं.

दोन वर्षं तिची डावी कूस दुखत होती. मागावर बसणारीचं अंग दुखणारच, असं सगळे म्हणत. पुढे तीही तसंच म्हणू लागली.

किडनी द्यायची म्हणून सूस शहरातल्या इस्पितळात मब्रूकाच्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमची किडनी घेता येणार नाही. डाव्या किडनीत गाठ आहे. कॅन्सर आहे, आणि तो यकृतापर्यंत पोचलाय."

खदूजाने जरा विचार केला. "मग उजवी तरी चांगली आहे ना? ती घ्या."

 मब्रूकाच हळूच म्हणाली, "आई, मी आजारी आहे, असं सांगतायत ते."

घरी आल्यावर तिने हादीला गाठलं. "आता तू तपासून घे."

"मला काही झालं तर पोरांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

"एका किडनीवर माणूस आरामात जगतो, असं मला तूच सांगितलं होतंस."

"थोरल्या भावाशी असं बोलतात?" खदूजा करवादली.

आतून लजहरचा आवाज आला, "ताई, सोड. असं ओढून घेतलेलं मला नको."

मार्चमध्ये लजहर गेला. चौथ्या दिवशी अंगण दुखवट्याला आलेल्या बायकांनी भरलं होतं. वाफवलेल्या रव्याच्या कुसकुसच्या परातीभोवती बसून एक शेजारीण म्हणाली, "बहीण किडनी द्यायला निघाली होती हो. नशीब आडवं आलं."

मब्रूका भिंतीला टेकून बसली होती. अंगात उठायचीही ताकद नव्हती. "नशीब नव्हे," ती म्हणाली. "हादी तपासायलासुद्धा गेला नाही. आणि दोन वर्षं माझं दुखणं कुणी विचारलं नाही. भावाला माझी किडनी हवी झाली, तेव्हा मला पहिल्यांदा डॉक्टरकडे नेलं."

"गप्प बस, लोक बसलेत," खदूजा पुटपुटली.

"लोक बसलेत म्हणूनच सांगते. तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी असेल. तिला आजच विचारा, कुठं दुखतंय का."

 एकीने परात पुढे सरकवली. बायका खाली बघून जेवू लागल्या.