बंद कपाटातला शब्दकोश

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. फुलसावंगीच्या पलीकडे एका गावात शाळा आहे, तिथे मी राहतो. नवा होतो तेव्हा विमलताईंनी मला खाकी कव्हर घातलं. त्या शिकवायला होत्या तोवर मुलं रोज माझी पानं उलटायची. शब्द सापडला की ओरडायची. मला फार बरं वाटायचं. पुढे ताई निवृत्त झाल्या आणि वर्गातल्या लोखंडी कपाटाला कुलूप लागलं. आत मी आणि पानं खाणारी कसर.

मग यवतमाळहून नरहर सर आले. माणूस वाईट नव्हता, पण मुलांनी उलट बोललेलं त्यांना खपत नसे.

मागच्या वर्षी जिल्ह्याच्या इंग्रजी स्पर्धेसाठी एकच नाव पाठवायचं होतं. रूपसिंग यांची मुलगी नयन आठवीत होती, इंग्रजीत सगळ्यांच्या पुढे. नाव ठरवायला सरांनी फळ्यावर 'बस स्टॉप' लिहिलं आणि तिला विचारलं, "कम्पाउंड नाउन की कोलोकेशन? दोन शब्द मिळून एक नाम झालंय, की ते नुसते सोबत येतात?"

"कम्पाउंड नाउन, सर."

"चूक. मधे जागा आहे, दिसत नाही? कम्पाउंड नाउन चिकटून लिहितात, ब्लॅकबोर्डसारखं."

"पण सर, 'स्ट्राँग टी' हे कोलोकेशन हाय, त्याले 'टी इज स्ट्राँग' बी म्हणता येते. मंधात 'हॉट' बी घालता येते. 'बस स्टॉप'च्या मंधात काहीच बसत नाही. ते एकाच जागेचं नाव हाय."

"माझ्यापेक्षा जास्त कळते का तुला? चूप राहा!"

वर्ग हसला. नयन खाली बसली.

तिचं बरोबर होतं, मित्रांनो! माझ्या पानावर तो शब्द तसाच छापलेला होता, मधे जागा सोडून, आणि पुढे 'नाम' असं लिहून. मी चार पावलांवर होतो. पण मला हाक मारता येत नाही.

स्पर्धेला दुसरी मुलगी गेली. नयनचा हात वर्गात पुन्हा वर झाला नाही. काही विचारलं की म्हणायची, "मले नाही येत." नववीत तिने इंग्रजीचा पेपर कोरा दिला.

तो पेपर पाहून सरांना फळ्यावरचं 'बस स्टॉप' आठवलं. मग त्यांनी शिपाई देवीलालकडून कुलूप तोडून घेतलं आणि मला उघडलं. 'बस स्टॉप'ची ओळ त्यांना सापडली.

मला घेऊन ते तसेच नयनच्या शेतात गेले. ती आईसोबत कापूस वेचत होती.

"बेटा, तुझं बरोबर होतं. माझं चुकलं."

नयनने ओळीवर बोट ठेवून वाचलं. पुन्हा वाचलं. तिचे डोळे भरून आले.

"मले वाटलं, माह्याच डोक्यात काही येत नाही," ती म्हणाली. "मी तं आता विचार करनंच सोडून देल्लं, सर."

तिने मला मिटून सरांच्या हातात दिलं आणि ती पुढच्या झाडाकडे वळली. सर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभेच राहिले.

आता सर मला टेबलावर ठेवतात, रोज उघडतात. नयन शेवटच्या बाकावर बसते आणि खिडकीबाहेर बघते.

मित्रांनो, माझी पानं फाटली तर चिकटवता येतील, नयनचा मोडलेला विश्वास नाही. म्हणून कुणी मनापासून काही सांगत असेल, तर त्याला गप्प करण्याआधी एकदा माझं पान उघडून बघा. एवढंच मागतो.