चुंबळीतला मोबाईल

मुखेडपासून नऊ किलोमीटर आत असलेल्या त्या गावाची एसटी दिवाळीनंतर बंद झाली. कारण काय, तर रस्ता खराब. लुंबिनी मुखेडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. अण्णारावांची काळी-पिवळी जीप भरल्याशिवाय हलायची नाही, म्हणून रोज तिचे पहिले दोन तास बुडायचे. हजेरी आणखी घसरली तर परीक्षेला बसता येणार नव्हतं.

रस्त्याच्या हापिसात चार खेपा घातल्यावर साहेब म्हणाले, "अख्ख्या रस्त्याचा व्हिडिओ आणा. शुक्रवारी दुरुस्तीची यादी जाते." स्वतः येऊन बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही. सरकारी खुर्चीला डिंक असतो म्हणतात, तो खराच असावा!

लुंबिनीने मोबाईल जीपच्या काचेमागे दोरीने करकचून आवळला. एसटी सुरू झाली तर अण्णारावांचंच गिऱ्हाईक जाणार होतं, तरी त्यांनी जीप काढली.

"जाऊ दे गं पोरी," ते म्हणाले, "वर्षात स्प्रिंगचे तीन पाटे तुटले. ह्या खड्ड्यांनी कमाई बी खाल्ली अन् कंबर बी."

व्हिडिओ बघितला तर इंजिनाच्या थरथरीत खड्डा कुठला आणि सावली कुठली, काही कळेना. मग तिने हादरे काढून टाकणारं ॲप लावलं. चित्र एकदम स्थिर झालं. ती हरखून हापिसात गेली.

साहेब बघून हसले. "अहो, हा तर लोण्यासारखा रस्ता आहे. दुरुस्ती कशाची करू?"

ॲपने थरथरीबरोबर खड्ड्यांचे दणकेही काढून टाकले होते. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. लुंबिनीला भर हापिसात रडू आलं, आणि त्यात दुःखापेक्षा संताप जास्त होता.

गुरुवारी सकाळी ती पुन्हा दोरी आवळत होती. तिची माय, सरजाबाई, हापशावरून घागर घेऊन येताना थांबली.

"काय करून राहिलीस?"

"मोबाईल हालू नये म्हणून बांधून राहिले, माय."

"म्हणून तर हालून राहिला. जीपीला बांधलं की जीपीचं कापरं त्याला भरतंय. म्या घागर डोस्क्याला दोरीनं बांधते का?"

सरजाबाईने घागर उतरवली. डोक्यावरची चुंबळ, जुन्या लुगड्याचं ते जाड वेटोळं, तिने काचेमागच्या फळीवर ठेवली आणि मोबाईल तिच्यात बसवला.

"ह्याला वजन दे. रिकामी घागर लई नाचती."

अण्णारावांनी सीटखालचा जाड पाना काढून दिला. लुंबिनीने मोबाईल पान्याला बांधला आणि ती जोडी चुंबळीत रुतवली. जीप निघाली. इंजिनाची थरथर चुंबळीत मुरली. खड्ड्यांचे दणके मात्र एकूण एक व्हिडिओत उतरले. ॲपला तिने हातसुद्धा लावला नाही.

शुक्रवारी साहेब मागे रेलून व्हिडिओ बघत होते. खड्ड्याची कड, आतलं पाणी, उघडी पडलेली खडी, सगळं स्वच्छ दिसत होतं. ओढ्यावरच्या पुलाजवळ जीप अशी खाली गेली की साहेबांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं.

"इथून एसटी कशी जायची?"

"जात न्हाई, साहेब. म्हणून तर आले."

साहेबांनी टेबलावरचे हात सोडले, यादी पुढे ओढली आणि गावाचं नाव लिहायला घेतलं. लुंबिनी समोरून उलटी अक्षरं वाचत होती. तिची नजर कागदावरून हलली नाही.

"साहेब, काना राहिला," ती म्हणाली.

त्यांनी काना दिला.